लॉयल्टी भंगारात गेली, मग कौतुक कशाचं?

दर ५ एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनी, आमच्या बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात शर्टांना बिल्ले लागतात आणि नवीन लागलेला एखादा पोरगा हमखास विचारतो, "साहेब, वालचंद हिराचंदांची पहिली बोट चार वर्षांत भंगारात निघाली म्हणतात. मग साजरं काय करतो आपण?"

खरं आहे. 'लॉयल्टी' जुनी झालेली बोट. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घेऊन तिचं इस्पितळ केलं, नंतर वालचंद आणि सोबत्यांच्या सिंदिया या देशी बोट कंपनीने विकत घेतली. १९१९ साली याच दिवशी ती मुंबईहून लंडनला निघाली, १९२३ मध्ये तोडली. सोलापूरचे वालचंद मूळचे रेल्वेचे कंत्राटदार, लक्ष्मणराव फाटकांचे भागीदार. रूळ-बोगद्यांतला माणूस, समुद्रात नवखाच. माझं विचाराल तर ती खरेदी आतबट्ट्याचीच.

पण तारीख लक्षात ठेवायची तर १९२३ ची ठेवा. सिंदियाच्या मालवाहू बोटी किनाऱ्यावर आणि रंगूनच्या तांदळावर धंदा करू लागल्या, तशी ब्रिटिश इंडिया या इंग्रज बोट कंपनीने भाडी पाडायला सुरुवात केली. युक्ती जुनीच. नवा गडी बुडेपर्यंत तोटा सोसायचा, मग भाडी पुन्हा वर. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्लैंची स्वदेशी कंपनी अशाच मारामारीत संपली होती. त्याआधी जमशेटजी टाटांनाही पी अँड ओ या इंग्रज बोट कंपनीपुढे बोटींचा धंदा गुंडाळावा लागला होता.

सिंदियाने मात्र १९२३ मध्ये ब्रिटिश इंडियाचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार केला. अटी वाचल्या की आजही डोकं फिरतं: बोटी ७५,००० टनांच्या आतच, धंदा किनाऱ्याचाच, तोही मालाचा, उतारू घ्यायचे नाहीत, परदेशी जायचं नाही. शरणागती म्हणा हवं तर. मी म्हणेन, मुदत विकत घेतली. कित्येक देशी कंपन्या उरल्या नाहीत; सिंदियाच्या विशाखापट्टणमच्या कारखान्यातून १९४८ साली देशातच बांधलेली 'जल उषा' ही बोट पाण्यात उतरली.

आणि सगळं श्रेय एकट्या वालचंदांना देऊ नका. सिंदिया हाउससमोरचा रस्ता नरोत्तम मोरारजींच्या नावाचा आहे, तो उगाच नव्हे. करार झाला तेव्हा अध्यक्ष नरोत्तमशेठ होते. ते १९२९ मध्ये गेले, तेव्हा कुठे ती खुर्ची वालचंदांकडे आली.