कूलरची मोटर जळाली आणि मिरची सुधारली

गच्चीवरची मिरची करपवणारा चोर सापडला, मंडळी. तीन महिने ज्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो तो ना ऊन, ना फुलकिडे, ना मातीतली बुरशी. तो आमच्या हॉलच्या खिडकीत बसून वाळ्याचा गार वास सोडत होता.

मागच्या नोंदीतली मिरची आठवत असेल. पानांच्या कडा तपकिरी, टोकं विस्तवाजवळ धरल्यासारखी करपलेली, कळी धरायची आणि तिसऱ्या दिवशी देठातून गळायची. वांग्याचीही तीच गत. नव्या लोकांसाठी सांगतो, गच्चीवर 12 बाय 12 इंचांच्या चौदा ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) आहेत. सहा मिरची, तीन वांगी, तीन गवार, दोन पालक. मिश्रण सगळ्यांना एकच: मोहोळकडची काळी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. माती तीच, ऊन तेच, हात तोच, पण गवार आणि पालक ठणठणीत. याच गोष्टीने मला चकवलं. पाण्यात दोष असता तर सगळीच झाडं बसली असती, असं मी धरून चाललो होतो.

रोपं लावली आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी. फेब्रुवारीभर मिरची अशी वाढली की येणाऱ्या-जाणाऱ्याला जिना चढायला लावून दाखवत होतो. होळी झाली आणि करपायला सुरुवात. आता सोलापुरात होळीनंतर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशी गाठतो, गच्चीची फरशी अनवाणी पायाला धरवत नाही. साहजिकच उन्हावर आळ घेतला आणि पन्नास टक्क्यांचं शेडनेट ताणलं. (शेडनेट घेताना कडेला दोरी शिवलेलंच घ्या. रोलमधून नुसतं कापून दिलेलं पहिल्या वावटळीत डोळ्यांतून फाटतं. माझं फाटलं.) फरक शून्य.

मग वाटलं, झाड उपाशी आहे. गांडूळखताचा हात सैल सोडला, दर दहा दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण). कडा आणखी करपल्या. मग एका कृषी दुकानात पान दाखवलं. दुकानदाराने पान उलटंही करून न बघता "चुरडामुरडा" म्हणून एक बाटली आणि "मायक्रोन्यूट्रिएंट" म्हणून दुसरी हातात ठेवली. चुरडामुरड्यात पान आकसतं, वाटीसारखं वळतं. माझी पानं सपाट होती, फक्त कडेने जळलेली. एवढं मलाही कळत होतं, पण हताश माणूस बाटली घेतोच.

आईचं निदान त्याहून सोपं होतं. "हात लागतो रे एकेकाचा." शेजारच्या अक्का तेलाच्या डब्यात, निव्वळ बोअरच्या पाण्यावर अंबाडी काढतात आणि कधीमधी गोंगुऱ्याची (अंबाडीच्या पाल्याच्या चटणीची) वाटी भिंतीवरून देतात. त्यांचं म्हणणं, "अंबाडी लावा की ओ, मिरचीच्या मागं कशाला लागलाय?" हे 'हाताला येत नाही' प्रकरण मला फार डाचतं. आमच्या गल्लीत गच्ची रिकामी असलेल्या दहा जणांना विचारा, जागा नाही किंवा वेळ नाही म्हणणारे दोघे-तिघे भेटतील. बाकीच्यांनी कधीतरी दोन कुंड्या लावलेल्या असतात, त्या वाळलेल्या असतात आणि आपल्या हाताला गुण नाही असं ठरवून त्या कुंड्या जिन्याखाली गेलेल्या असतात. मीही त्याच रांगेत उभा राहायच्या बेतात होतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात कूलरची मोटर जळाली. उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे मोटारींची रांग असते, बारा दिवस लागले. आम्ही घरात उकडून निघालो, वर मिरचीला मात्र स्वच्छ, अखंड, पोपटी पानं फुटली. मधे वळवाचा एक सणसणीत पाऊसही झाला. मी श्रेय जीवामृताला दिलं आणि मागच्या नोंदीत त्याचं भरभरून कौतुकही केलं. ते इथे जाहीरपणे मागे घेतो.

मोटर परत बसली. पहिल्या रविवारी आईने नेहमीप्रमाणे कूलरची टाकी रिकामी केली आणि ते पाणी नेहमीप्रमाणे गच्चीवर गेलं. आईने बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. पाणी मोरीत सोडणं तिला जमत नाही, आणि तिचं चुकत होतं असं मीही कधी म्हटलं नव्हतं. उलट 'पाण्याचा पुनर्वापर' म्हणून मिरवत होतो. गच्चीच्या दारापासून आधी मिरच्या, मग वांगी, शेवटी गवार आणि पालक. बादल्या मिरची-वांग्यापाशीच संपायच्या, बॅगेला साधारण तीन लिटर. गुरुवारी नव्या पानांची टोकं तपकिरी.

तेव्हा डोक्यात वीज चमकली असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी फुलकिड्यांसाठी निळे सापळे आणायला निघालो होतो. त्याच दिवशी आरओची सर्व्हिसिंग करायला मेकॅनिक आला आणि त्याने खिशातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन काढलं. सहज म्हटलं, जरा कूलरमध्ये बुडवा की. तो हसला, पण बुडवलं. 4900, म्हणजे लिटरमागे 4900 मिलिग्रॅम क्षार. त्याला पेन बिघडलंय असं वाटलं. मग घरभर फिरलो. नळाचं पाणी 340. बोअर 1480. आरओचं टाकाऊ पाणी 510. म्हणजे जे टाकाऊ म्हणून झाडांना घालू नये असं मी स्वतः दोनदा लिहिलंय, ते आमच्या बोअरपेक्षा कितीतरी गोडं निघालं. (आमच्या आरओला नळाचं पाणी जातं म्हणून. बोअरवर आरओ चालवणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नये, तुमचं टाकाऊ बोअरपेक्षाही खारं असणार.)

उमगल्यावर शरम वाटावी इतकं साधं आहे. कूलर हवा गार करतो म्हणजे पाण्याची वाफ करतो. वाफ जाते, क्षार टाकीत राहतात. आपण वरून रोज बोअरचं पाणी भरतो, म्हणजे रोज नवे क्षार. आठवड्याने टाकीत उरतं ते पाणी नव्हे, काढाच. कूलरच्या जाळीवर जी पांढरी खपली धरते तीच माझ्या बॅगांच्या काठावर होती. मी तिला बुरशी समजून ब्रशने झाडत होतो! बॅगेतही तेच घडतं. झाड पाणी पितं, क्षार मातीत सोडतं. मातीतला खारटपणा वाढला की मुळांना पाणी ओढता येत नाही. मातीत ओल असूनही झाड तहानलेलं राहतं आणि पानाची कडा आधी जळते. होळीला ऊनही वाढतं आणि कूलरही माळ्यावरून उतरतो. दोघे एकाच आठवड्यात आले, मी ओळखीच्या चोरालाच धरलं.

रात्री हिशेब मांडला. मी दिवसाआड बोअर आणि दिवसाआड साठवलेलं नळाचं पाणी देतो, बॅगेला दोन लिटर. त्यातून आठवड्याला साधारण 13 ग्रॅम क्षार जातात. कूलरच्या तीन लिटरमधून एका रविवारी 15 ग्रॅम. होळीपासून मोटर जळेपर्यंत आठ आठवडे धरले तर एका बॅगेत सव्वादोनशे ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा घेतला, वाडग्यात तेवढं मीठ मोजलं आणि आईसमोर ठेवलं. हे सगळं खायचं मीठ नसतं, त्यात चुन्याचा भाग बराच असतो आणि तो तितका छळत नाही, पण वाडगं बघून ती इतकंच म्हणाली, "एवढं? एका झाडाला?"

गवार-पालकाचं कोडंही इथेच सुटलं. प्रत्येक पिकाची खारटपणा सोसायची मर्यादा वेगळी असते. मातीच्या अर्काची (मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे विद्युतवाहकतेवरून मोजलेला खारटपणा, 1.1 झाली की वांगं कुरकुरायला लागतं, मिरची 1.5 ला, कांदा 1.2 ला. टोमॅटो 2.5 पर्यंत तग धरतो, पालक 2, बीट 4. आणि गवार? 8.8. गवारीला मिठाच्या गोणीत लावली तरी ती शेंगा देईल असं वाटायला लागलंय. माझं पेन (मेकॅनिक गेल्यावर लगेच स्वतःचं मागवलं) ईसीला 500 ने गुणून आकडा दाखवतं, म्हणजे आमच्या बोअरची ईसीच 3 च्या जवळ. अशा पाण्यावर मिरची न येणं हा हाताचा दोष नाही. अक्कांनी तेच पाणी वापरून अंबाडी निवडली, त्या माझ्यापेक्षा शहाण्या.

पण खारं पाणी घालूनही खालून निचरा होत राहिला असता तर बरेचसे क्षार वाहून गेले असते. ते का झालं नाही? बशा! दोन वर्षांपूर्वी खालच्या खोलीत छताला ओल दिसली तेव्हा धाकट्या भावाने फर्मान काढलं, एक थेंब स्लॅबवर पडता कामा नये. म्हणून प्रत्येक बॅगेखाली खोल बशी आली. वरून घातलेलं पाणी बशीत उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत बॅग ते परत शोषून घ्यायची, क्षारांसकट. (ओल जिन्याजवळच्या पाइपच्या सांध्याची होती, हे नंतर कळलं. बशा तशाच राहिल्या.)

उपाय सोपा, पाणी महाग. क्षार धुऊन काढायला बॅगेच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडायचं. माझी बॅग साधारण 22 लिटरची, म्हणजे बॅगेला चाळीसेक लिटर. चौदा बॅगांना साडेपाचशे लिटर, आणि आमच्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांनी. घरात एवढं बोललो असतो तर मलाच धुतलं असतं. म्हणून फक्त चार मिरच्या घेतल्या आणि एक युक्ती केली. पहिले 25 लिटर बोअरचेच, कारण आत जे साठलंय त्यापुढे 1480 सुद्धा गोडंच. शेवटचे 15 लिटर नळाचे. बशा काढल्या, बॅगा विटांवर चढवल्या, खालून येणारं पाणी तसराळ्यात धरलं. पहिला निचरा चहाच्या रंगाचा, पेन म्हणालं 5200. बोअर संपता संपता 2300. नळाचं पाणी संपलं तेव्हा 1150. त्या दिवशी जेवणही पेन हातात घेऊनच केलं.

दहा दिवस झाले. धुतलेल्या चारही मिरच्यांना शेंड्याची नवी सहा-सात पानं आलीत, एकाचीही कडा जळलेली नाही. जुनी पानं सुधारणार नाहीत, ती तशीच ठेवलीत. कळ्या टिकल्या. काल अकरा मिरच्या तोडल्या, लसूण आणि शेंगदाणे घालून लोखंडी तव्यावर ठेचा रगडला, कडक भाकरीबरोबर संपवला. अकरा मिरच्यांचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल. न धुतलेल्या दोन मिरच्या मुद्दाम तशाच ठेवल्यात, त्या अजून करपतायत.

पेन हातात आल्यापासून घरातलं काहीच सुटत नाही. कोकोपीटची पाच किलोची नवी वीट, वेष्टनावर ठळक 'धुतलेले'. भिजवून पिळलेलं पाणी 1900. तीनदा धुतल्यावर चारशेवर आलं. यापुढे वेष्टनावरचं काही वाचणार नाही, फक्त बुडवणार. आणि खाऱ्या मातीत जिप्सम घालू का, असं विचारणाऱ्यांना: काळ्या मातीत सोडियमने पाणी वर तुंबत असेल तर जिप्सम उपयोगी, पण नंतर भरपूर पाणी देऊन निचरा केला नाही तर आणखी एक क्षार घातल्यासारखंच.

उरलेल्या बॅगा धुवायला पुढच्या तीन वेळचं नळाचं पाणी लावायचं असं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता तो बेत मोडतोय. परवा रात्री पुन्हा वळीव झाला तेव्हा तसराळं बाहेर राहिलं होतं, त्यातलं पाणी आत्ता मोजलं: 28. अठ्ठावीस! जिन्याच्या खोलीचं छत 10 बाय 10 फुटांचं आहे, म्हणजे 10 मिमी पावसात नव्वद लिटर. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिमीच्या आसपास, म्हणजे सांडलवंड सोडून चारेक हजार लिटर त्या एवढ्याशा छतावरून नुसते वाहून जातात. पन्हाळीचा पाइप आधीच आहे, फक्त कापून 200 लिटरच्या पिंपात सोडायचा. मग धुवायचं काम नळावर कशाला? मृगावर टाकू. तोवर वांग्यांना आरओचं टाकाऊ आणि नळाचं पाणी, बोअर फक्त गवारीला. पिंप जुन्या बाजारात मिळतं, पण आत आधी काय होतं ते विचारून आणि वास घेऊनच घ्या. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी भाजीसाठी नको.

भावाशी बशांवरून बोलणं बाकी आहे. निचऱ्याचं पाणी स्लॅबवर न सांडता पन्हाळीत नेण्यासाठी विटांखाली अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप उतार देऊन बसवतोय, तो पूर्ण झाला की मगच विषय काढीन. कूलरच्या पाण्याचं आईने परस्पर ठरवलंय. रविवारी टाकी उपसली की दोन बादल्या संडासाच्या दाराशी, फ्लशसाठी. काल जाता जाता तिने मला थांबवून विचारलं, "त्या पेनाने वरणातलं मीठ कळतं का रे?"