सस्क्वेहाना नदीवर कयाकमधून स्मॉलमाउथ बास : टूर्नामेंटचा वृत्तांत आणि गिअर कसं निवडायचं

जुलैच्या मधल्या वीकेंडला पेन्सिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला सस्क्वेहाना नदीवर कयाकमधून, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीतून, बास माशाची टूर्नामेंट केली. आदल्या दिवशी नदी बघून घेतली, दुसऱ्या दिवशी स्पर्धा. न्यू जर्सी, मेरीलँड, डीसी या भागातले आपले बरेच लोक हल्ली गरवायला लागलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो की रॉड कुठला घेऊ, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, नदीवर जायचं असेल तर रॉड नंतर, आधी पाणी कसं वाहतंय ते बघा, कारण तळ्यातल्या बाससाठी घेतलेलं अर्धं सामान इथे नुसतं ओझं होतं.

ही नदी हॅरिसबर्गजवळ जवळजवळ एक मैल रुंद आहे पण उथळ, उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी गुडघाभर पाणी आणि खाली खडकांचे आडवे पट्टे, ज्यांना इथे लेज म्हणतात. म्हणूनच इथल्या बोटींना पंख्याच्या ऐवजी जेट मोटार असते, साधा प्रॉपेलर खडकावर आपटून फुटतो. इथला मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. तो मूळचा इथला नाही, दीडशे वर्षांपूर्वी बाहेरून आणून सोडलाय, पण खडक, वाहतं पाणी आणि भरपूर क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) मिळाल्यामुळे असा रुजला की लांबलांबून लोक त्याच्यासाठी येतात. तळ्यातला लार्जमाउथ बास गवतात, बुडालेल्या झाडात दबा धरून बसतो, हा मात्र प्रवाहाच्या कडेला राहतो, आणि तोच सगळा फरक आहे.

आम्ही डंकॅननच्या बाजूने उतरलो, जिथे जुनिआटा नदी येऊन मिळते, आणि खाली फोर्ट हंटरच्या रॅम्पला, म्हणजे होडी चढवा-उतरवायच्या उतारावर, बाहेर निघालो, साधारण नऊ-दहा मैल. बरोबर माझा मोठा चुलत भाऊ होता, तो बरीच वर्षं हॅरिसबर्गजवळ राहतो, त्याला ही नदी पाठ आहे. निघायच्या आधी त्याने मला फोनवर हॅरिसबर्गच्या गेजचा, म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा बघायला लावला. हे सगळ्यांनी करा, यूएसजीएस या सरकारी खात्याच्या साइटवर फुकट दिसतं. हा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे, एका ठरलेल्या खुणेपासूनची उंची. उन्हाळ्यात तो साधारण 3 ते 4 फुटांच्या आसपास असतो, पूर 17 फुटांना धरतात, आणि 1972 मध्ये ॲग्नेस वादळाच्या वेळी 32 फुटांच्या वर गेला होता. कयाकवाल्यांना माझा सल्ला असा की साडेतीन ते साडेचार उत्तम, 5 च्या वर आणि आकडा चढता असेल तर घरी बसा, मासाही नीट लागत नाही आणि जिवालाही धोका.

आदल्या दिवशीची खरी कमाई म्हणजे पाण्याचा रंग. दोन दिवस आधी पश्चिमेला जोराचा पाऊस झाला होता आणि जुनिआटा चहासारखी गढूळ होऊन येत होती, पण गंमत अशी की ती सस्क्वेहानात मिळाल्यावर लगेच मिसळत नाही, पश्चिमेच्या काठाला धरून कित्येक मैल वेगळीच वाहत राहते. म्हणजे एकाच नदीत पश्चिम बाजू गढूळ आणि मधलं नि पूर्वेचं पाणी बऱ्यापैकी नितळ. दादा म्हणाला, "अरे, बघ ना, दोन नद्या चालल्यात शेजारी शेजारी, तू कुठल्या नदीत गरवणार ते आधी ठरव." आम्ही दोन्हीकडे टाकून बघितलं. नितळ बाजूला लहान नि हलकं ल्युअर, म्हणजे बनावट आमिष, चाललं, गढूळ बाजूला तेच कोणी विचारेना, तिथे मात्र फिरत्या पात्यामुळे पाण्यात थरथरणारं स्पिनरबेट लागलं, आणि सगळ्यात मोठे मासे दोन रंगांच्या सीमेवर मिळाले. स्पर्धेचा प्लॅन तिथेच ठरला.

आता गिअर. कयाकवर मी 3 रॉड नेतो आणि त्यापेक्षा जास्त कोणी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण जागा नसते, रॅपिडमधून जाताना काठावरच्या फांद्यांत रॉड अडकतात, आणि स्पर्धेत चौथा रॉड म्हणजे गाठी मारत वेळ घालवायचं निमित्त. मुख्य रॉड 7 फुटी स्पिनिंग (रील खाली लटकतं असा), मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन, म्हणजे टोक मऊ आणि खालचा भाग ताठ, त्यावर 2500 साइजचं रील, 10 पाउंडाची ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाइन आणि पुढे पाच-सहा फूट 8 पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे लाइन आणि ल्युअरच्या मधला तुकडा. ब्रेडेड लाइन ताणत नाही म्हणून तळाचा दगड आणि माशाचा चावा यातला फरक बोटाला कळतो, कोकणात खाडीवर नुसता तंगूस बोटावर धरून ज्यांनी मासे काढलेत त्यांना ही जाणीव वेगळी शिकवायला नको. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि दगडाला घासून ब्रेडेडइतका पटकन तुटत नाही. दोन्ही जोडायला डबल युनि गाठ पुरते, एफजी गाठ गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, जास्त मऊ जाते पण हलत्या कयाकमध्ये मारणं कठीण, ती घरूनच मारून आणा. आणि दर थोड्या वेळाने लीडरचा शेवटचा हातभर भाग बोटांमधून फिरवून बघा, खरखरीत लागला की कापून नवी गाठ, इथे आळस करायचा नाही.

दुसरा रॉड तसाच स्पिनिंग, पण पृष्ठभागावरच्या ल्युअरसाठी. तिसरा बेटकास्टिंग (रील वरच्या बाजूला बसतं असा), 7 फुटी मीडियम हेवी, 7:1 च्या आसपास गिअर रेशोचं रील, 15 पाउंड फ्लोरोकार्बन, स्पिनरबेट आणि स्क्वेअरबिल क्रँकबेट (ओढलं की खाली बुडणारं माशाच्या आकाराचं ल्युअर) यांच्यासाठी. ज्यांना बेटकास्टर येत नाही त्यांनी त्याशिवाय जावं, काही अडत नाही, स्पिनिंगवर 3/8 औंसाचं स्पिनरबेटही फेकता येतं. पैशाचं म्हणाल तर शंभर ते दीडशे डॉलरमध्ये रॉड-रील मिळून चांगलं काम होतं, त्यापुढचे पैसे मी लाइफ जॅकेट आणि बुटांवर घालीन.

ल्युअरमध्ये माझा पहिला नंबर नेड रिग. मश्रूमच्या आकाराचं छोटं जिग हेड, म्हणजे वजन लावलेला गळ, आणि त्यावर अडीच-तीन इंचाचा मऊ प्लास्टिकचा तुकडा, ग्रीन पंपकिन रंगाचा, दिसायला अगदी किरकोळ पण क्रेफिश किंवा तळाला चरणारा छोटा मासा वाटतो. खरी कला वजनात आहे. संथ पाण्यात 1/10 औंस, जोराच्या पाण्यात 3/16 पर्यंत. ल्युअर तळाला टकटक करत खाली वाहत यायला हवं, एकाच जागी रुतून बसलं तर वजन जास्त, तळाला लागतच नसेल तर कमी. फेकायचं वरच्या अंगाला, तिरकं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि त्याचं खाणं वरून खाली वाहत येतं. लाइन अगदी ताणायची नाही, नुसती ढिली पण सोडायची नाही, आणि टकटक थांबली किंवा लाइन आडवी सरकली की रॉड उचला. हेड दगडात अडकणारच, वीसेक हेड बरोबर ठेवा. अडकलं तर खालून ओढत बसू नका, कयाक अडकलेल्या जागेच्या वर न्या आणि उलट बाजूने ओढा, बहुतेक वेळा सुटतं.

जागा कशी ओळखायची, तर लेजच्या खाली, मोठ्या दगडाच्या मागे, आणि वेगवान पाणी नि संथ पाणी एकमेकांना घासतं ती रेघ, तिला सीम म्हणतात. मासा संथ बाजूला दम घेत उभा असतो आणि वेगवान बाजूने काही वाहत आलं की झडप घालतो. दगडाच्या मागेच टाकतात लोक, पण दगडाच्या पुढेसुद्धा पाण्याची एक छोटी उशी तयार होते आणि तिथला मासा बऱ्याचदा मोठा असतो, दादाने मला हे दाखवलं आणि लागोपाठ दोनदा खरं करून दाखवलं. उन्हाळ्यात नदीत वॉटर विलोचं गवत बेटासारखं उगवतं, त्याच्या कडेला पहाटे पॉपर किंवा शेपूट फिरणारं व्हॉपर प्लॉपर टाकायचं. पाणी फुटलं की लगेच झटका मारायचा मोह होतो, थांबा, रॉडवर वजन जाणवलं की मगच. ऊन चढल्यावर लेजखालच्या सपाट पाण्यात वजन न लावलेला पांढरा फ्लूक (छोट्या माशासारखं मऊ प्लास्टिकचं ल्युअर), दोन झटके, एक विश्रांती. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टमध्ये संध्याकाळी पांढऱ्या उडत्या किड्यांचे, म्हणजे मेफ्लायचे, थवे निघतात, तेव्हा बास पृष्ठभागावर वेडे होतात, स्पर्धा नसेल तर त्याच दिवसांत या.

स्पर्धेचं स्वरूप असं की मासा पकडायचा, मोजपट्टीवर ठेवून फोटो काढायचा, लगेच सोडायचा, आणि सगळ्यात लांब 5 माशांच्या इंचांची बेरीज. नदीच्या या भागात स्मॉलमाउथ घरी न्यायला बंदीच आहे, आणि ती योग्य आहे. 2005 च्या उन्हाळ्यात इथे बासची पिल्लं रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली होती आणि नदीला सावरायला बरीच वर्षं लागली. बोटीच्या टाकीत मासे दिवसभर फिरवून शेवटी वजन करायचं ही जुनी पद्धत, त्यातही मासे जिवंत सोडायची सवय रे स्कॉट यांच्या बी.ए.एस.एस. संस्थेने 1972 पासून लावली, पण जुलैच्या गरम पाण्यात जागच्या जागी सोडणं यासारखं दुसरं काही नाही.

फोटोवर मासे बाद होतात, गिअरवर नाही, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. पट्टी आधी ओली करा. मासा रबरी जाळ्यातच पाण्यात ठेवून फोन, पट्टी आणि आयोजकांनी दिलेला कोड तयार करा, मग मासा उचला. तोंड मिटलेलं आणि मोजपट्टीच्या डाव्या टोकाच्या अडसराला टेकलेलं, बोटं शेपटीवर नकोत, कोड फोटोत स्पष्ट दिसायला हवा. पाव इंचाने क्रमांक बदलतात. पट्टीला आणि फोनला दोरी बांधा, स्मॉलमाउथ शेवटच्या क्षणी उसळतो. नदीच्या काही वळणांवर सिग्नल नसतो, तेव्हा फोटो अपलोड करायला शेवटच्या अर्ध्या तासाची वाट बघू नका.

सकाळी मी पूर्वेच्या नितळ बाजूला नेड रिगवर बसलो आणि आधी 5 मासे पुरे केले, 13-14 इंचाचे का असेनात. हे धोरण मला पटतं, मोठ्याच्या मागे लागून दुपारी 3 मासे घेऊन बसलेले स्पर्धक बरेच दिसले. पाच झाल्यावर रंगाच्या सीमेवर स्पिनरबेट चालवलं, बेरीज वाढत वाढत 80 इंचाच्या जरा वर गेली, त्यात एक 19 इंची, तो डॉफिन नॅरोज नावाच्या पट्ट्यातल्या लेजखाली लागला, जिथे जुन्या पुलाच्या खांबावर स्वातंत्र्यदेवतेचा छोटा पांढरा पुतळा उभा आहे. वरच्या दहात जागा मिळाली. जिंकणाऱ्याने दिवसभर दोनच ल्युअर वापरली होती, ट्यूब (मऊ प्लास्टिकची पोकळ नळी) आणि टॉपवॉटर, म्हणजे पृष्ठभागावर चालणारं.

नॅरोजमध्ये कयाक सांभाळा. वरून बघताना पाण्यात खालच्या दिशेला टोक असलेला गुळगुळीत व्ही दिसला तर ती वाट, वरच्या दिशेला टोक असेल तर तिथे खडक आहे. प्रवाहात नांगर बाजूने कधी टाकायचा नाही, कयाक क्षणात उलटते, टाकायचाच तर मागच्या टोकाने आणि एका झटक्यात सुटणाऱ्या दोरीने, मी तर वेगवान पाण्यात टाकतच नाही, उथळ जागी उतरून पायी गरवतो. खाली रॉकव्हिलचा 48 कमानींचा दगडी रेल्वेपूल बघण्यासारखा आहे, पण त्याच्याही पुढे वाहत जाऊन शहरात सिटी आयलंडच्या खालच्या डॉक स्ट्रीट धरणाजवळ चुकूनही जाऊ नका. ते दिसायला बुटकं आहे, वरून तर नीट दिसतही नाही, पण पायथ्याचं पाणी माणसाला गोल फिरवून आत ओढत राहतं, तिथे अनेक जीव गेलेत.

लायसन्स 16 आणि त्यापेक्षा मोठ्या वयाच्या सगळ्यांना लागतं, राज्याच्या हंटफिशपीए साइटवर मिळतं, बाहेरच्या राज्यातल्यांना थोड्या दिवसांचंही. राज्याच्या फिश अँड बोट कमिशनच्या रॅम्पवरून कयाक उतरवायला लाँच परमिट वेगळं लागतं, ते विसरून लोक दंड भरतात. वसंतात अंडी घालायच्या काळात यायचं असेल तर या पट्ट्यातले बासचे त्या वर्षीचे नियम नियमपुस्तिकेत बघूनच सुट्टी टाका. ऑक्टोबरात याल तर मासे खोल डोहांकडे सरकलेले असतात, तेव्हा साडेतीन इंची ट्यूब 1/4 औंसावर अगदी सावकाश ओढायची, आणि 1 नोव्हेंबरपासून 30 एप्रिलपर्यंत कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे, नुसतं जवळ ठेवून चालत नाही.