पाच नोव्हेंबरचं पान

दुपारपर्यंत वाटत होतं, द्राक्षाचं नवं वाणच हाती लागलं. निफाड-दिंडोरीकडच्या बागांतली थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश आणि सोनाका यांची एसएसआर मार्करची (डीएनएतल्या पुनरावृत्त तुकड्यांच्या लांबीवरून वाण ओळखायच्या खुणा) आकडेवारी दुसऱ्या प्रयोगशाळेला द्यायची होती, तिची जुळवणी चालली होती. नंतरची दोन्ही वाणं थॉमसनमधूनच निवडलेली. नेहमीच्या सहा मार्करांवर तिघांचा ठसा एकच यायला हवा.

पहिला घोळ ओळखीचा. व्हीव्हीएमडी-५ या मार्करवर आमचे सगळे आकडे त्यांच्यापेक्षा दोन बेसजोड्यांनी (डीएनएची लांबी मोजायचं एकक) मोठे. यंत्र, रंगद्रव्य किंवा पॉलिमर बदललं की तोच तुकडा थोडा वेगळा मोजला जातो. म्हणून कॅबर्ने सोव्हिन्यों आणि पिनो न्वार ही संदर्भवाणं ९६ खणांच्या प्रत्येक प्लेटवर चालवायचे आणि त्यांच्यावरून फरक काढायचा, तोही मार्करगणिक. एकाचा फरक सहांनाही लावला, तर बरोबर असलेले आकडेही बिघडतात.

दुरुस्तीनंतर सगळं जुळलं. एक नमुना मात्र पाच मार्करांवर साफ वेगळा. डीएनएत भेसळ असती तर आलेखात तीन-चार पीकं दिसली असती (शेतातली नव्हेत, शिखरं). इथे दोनच (दोन्ही पालकांकडून एकेक), स्वच्छ. म्हणजे डीएनए चोख, झाडच निराळं.

कुठलं झाड? नमुना क्रमांकाच्या रकान्यात ‘०५-नोव्हें’. पानं तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, मे महिन्यात घेतलेली. कोणीतरी ‘५-११’ टाइप केलं होतं, म्हणजे ओळ ५, वेल ११. एक्सेलने त्याची तारीख केली. रकाना मागाहून ‘टेक्स्ट’ केला तर ४५९६६ असा आकडा उमटला. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मगच टाइप करायचं.

वेल गाठली. कलमाच्या जोडाखालून एक जोमदार फुटवा वर चढून मांडवात मिसळलेला. बागाईतदार म्हणाले, “साहेब, तो खुंटाचा आहे, काढायचा राहिला.” त्याचं पान थॉमसनसारखं खाचांचं नव्हतं, पण नमुना घेणाऱ्याने शेंड्याचं कोवळं पान खुडलं, तिथे हा फरक चटकन कळत नाही. खात्रीच्या डॉगरिजचं, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाच्या जातीचं, पान त्याच प्लेटवर चालवलं, सहाही मार्कर जुळले.

ती ओळ पुसली नाही, ‘डॉगरिज खुंट’ अशी नोंद करून ठेवली. ११ क्रमांकाच्या वेलीचं पान जोडाच्या वरून पुन्हा घेतलं. ते थॉमसनशी जुळलं. क्रमांक ‘ओ०५वे११’ असे बदलले. एकच पीक असेल, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या, तिथे आकडा दोनदा लिहिला, निकाल न आलेल्या जागी शून्य न टाकता ‘नाही’ लिहिलं. प्रायमरचे (हवा तो तुकडा निवडणारे छोटे डीएनए-धागे) क्रम, रंगद्रव्य, लांबी मोजायची मापपट्टी आणि दोन्ही संदर्भवाणांचे आकडे जोडले आणि संध्याकाळी फाईल रवाना केली.