हेन्श्कींची द्राक्षबाग: ॲडलेडहून एक दिवस

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून बरोसा हा वाइनचा प्रदेश साधारण ७० किलोमीटर, गाडीने तासाभराचा रस्ता. टूरवाले तिथल्या टानुंडा गावाच्या आसपासच्या तीन-चार वायनऱ्या दाखवून संध्याकाळी परत आणतात. नुसती वाइनच चाखायची असेल तर तेवढं पुरे. पण ज्यांच्या घरी द्राक्षं आहेत, त्या निफाड, दिंडोरी, तासगावकडच्या मंडळींनी स्वतःची गाडी घेऊन वर ईडन व्हॅलीत, केन्टनला जावं. तिथे हेन्श्की कुटुंबाची वायनरी आहे.

प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने चर्चची उपासना सक्तीने बदलली, ती न मानणारे लुथेरन पंथाचे ख्रिस्ती लोक १८३८ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात येऊ लागले. योहान क्रिस्टियान हेन्श्की प्रशियातल्या सायलेशियातून १८४१ मध्ये आला. वाइनची पहिली विक्री १८६८ ची. आता पाचव्या पिढीतले स्टीफन आणि त्यांची पत्नी प्रू, आणि त्यांच्या जोडीला सहावी पिढी. स्टीफन वाइन करतात, प्रू बाग बघतात. माझ्या मते खरं नाव प्रू यांच्या कामाचं व्हायला हवं: वेलींखाली पेंढ्याचं आच्छादन, ओळींमध्ये स्थानिक गवतं, आणि जुन्या वेलींतल्या निवडक वेलींच्या काड्या घेऊन नवी लागवड.

बघायची ती ‘हिल ऑफ ग्रेस’ची बाग. वायनरीपासून थोड्या अंतरावर, एका जुन्या लुथेरन चर्चसमोर. इथले शिराझ या काळ्या द्राक्षाचे सर्वांत जुने वेल १८६० च्या सुमारास निकोलाउस स्टानित्स्की याने लावले. पुढे बाग हेन्श्कींकडे आली. म्हणजे हे वेल दीडशे वर्षांहून जुने, आणि स्वतःच्या मुळांवर! आपण पाण्याच्या आणि क्षारांच्या त्रासापायी डॉगरिज खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, कलम करतो, पंधरा वर्षं झाली की बाग मोडायच्या गोष्टी सुरू होतात. इथे खुंटच नाही. युरोपातल्या बागा ज्या फायलॉक्सेरा किडीने संपवल्या, ती दक्षिण ऑस्ट्रेलियात अजून शिरलेली नाही. शिवाय हिवाळ्यात वेल खरोखर झोपतो, छाटणी वर्षातून एकदाच. आपला वेल बिचारा एप्रिलमध्येही कात्रीखाली आणि ऑक्टोबरमध्येही.

म्हणूनच कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. फायलॉक्सेरा बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. आपल्या बागेतून थेट विमानात चढलेले बूट तर आणूच नका; आणलेच तर घासून धुऊन, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर शेतात जाऊन आल्याचं लिहा. रस्त्यावरून सगळं नीट दिसतं, फोटोही छान येतात.

फेब्रुवारी ते एप्रिल तोडणीचा हंगाम, तेव्हा गजबज असते. मी म्हणेन जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या हिवाळ्यात जा. पानं झडलेली असतात, त्यामुळे पिळवटलेली जाड खोडं पूर्ण दिसतात. थंडी मात्र चांगलीच असते, पाऊसही येतो; स्वेटर आणि छत्री दोन्ही ठेवा.

वाइन चाखायला वायनरीत आधी बुकिंग करा आणि त्या दिवशी उघडी आहे ना ते पाहून घ्या. ‘हिल ऑफ ग्रेस’ची बाटली फार महाग, तेव्हा ती चाखायला मिळेलच असं धरून चालू नका. रीसलिंग ही पांढरी वाइन मागा, ईडन व्हॅलीची उंची आणि गारवा तिथे जिभेला कळतो. घोट घेऊन भांड्यात थुंकायला संकोचू नका, सगळे तेच करतात. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकावंच. रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि पोलीस कुठेही थांबवून श्वास तपासतात.

शक्यतो शनिवार गाठा, म्हणजे सकाळी बरोसातल्याच अँगास्टन गावचा शेतकरी बाजार मिळेल. पाव, चीज, लोणच्याच्या काकड्या घेऊन पुढे निघा. शाकाहारी माणसाचं दुपारचं जेवण त्यात भागतं. जर्मन वळणाचा श्ट्रॉयझेलकुखेन हा चुरा घातलेला केक टानुंडाच्या बेकऱ्यांत मिळतो. आणि मेलबर्न किंवा सिडनीहून येत असाल तर सोबतची फळं विमानात बसण्याआधीच संपवा. फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं आणायला बंदी आहे, आणि सापडलात तर दंड होतो.