आमची वाटचाल : देवबागची जोडहोडी

मालवणजवळच्या देवबागच्या जेट्टीवर उतरून कोणालाही 'ती रुंद होडी' म्हणून विचारा, आमच्या दारापर्यंत आणून सोडतील. पूर्वी हेच लोक तिला 'बैलगाडी' म्हणायचे. ते नाव कोणी पाडलं, ते पुढे येईलच.

आमचं घर रापणीतलं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं. आजोबांची उलांडीची, म्हणजे तोल सावरायला बाजूला लाकूड जोडलेली, होडी होती. पर्यटन आलं तसे बाबा आणि मी एक फायबरची होडी आणि ९.९ एचपीचं मशीन घेऊन संगम, त्सुनामी आयलंड, भोगव्याची बाजू अशा फेऱ्या मारायला लागलो. ती वर्षं बरी गेली. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, त्यामुळे त्यांबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

पण लोकांना पाहिजे होता डॉल्फिन, आणि त्या अरुंद होडीत डॉल्फिन दिसला की सगळे एकाच बाजूला धावायचे. होडी कलायची, मशीनचा पंखा पाण्याबाहेर यायचा, बायका ओरडायच्या आणि तेवढ्यात गादे, म्हणजे डॉल्फिन, पार निवतीकडे निघून जायचे. आजोबांच्या होडीवर वाढलेल्या माणसाला कॅटामरान समजावून सांगावी लागत नाही. बाजूला टाकलेलं एक लाकूड होडीला एवढं सावरतं, तर शेजारी दुसरी अख्खी होडीच जोडली तर काय होईल, एवढाच हिशोब होता.

तरी घ्यायच्या आधी बघून यावं म्हणून मी आणि मामा श्रीलंकेत मिरिसाला गेलो. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, आमचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, आणि धंद्यातला पहिला भागीदारही तोच. मार्चमध्ये, मुलांच्या परीक्षा असतात तेव्हा आपल्याकडे गिऱ्हाईक पातळ असतं, तेव्हा गेलो. मिरिसाच्या बंदरातून सकाळी साडेसहाच्या सुमारास होड्या सुटतात. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल निळा देवमासा काही मैलांवर भेटतो. जगातला सगळ्यात मोठा प्राणी, आणि आम्ही दोघं कोकणातली माणसं नाश्त्याचं पाकीट मांडीवर घेऊन त्याच्यासाठी बसलेलो. दिसला. आधी फवारा, मग पाठ. ती पाठ संपतच नाही, सरकतच राहते, आणि बऱ्याच वेळाने मागे एवढासा पंख येतो. आजूबाजूच्या होड्या चारही बाजूंनी त्याच्यावर धावल्या. त्याने शेपटी वर काढली आणि गेला खाली. मग सगळे तासभर रिकाम्या पाण्यावर घिरट्या घालत बसले.

मामाचं लक्ष देवमाशापेक्षा होडीवर होतं. तो डेकवर पालथा पडून दोन हलांच्या, म्हणजे जोडलेल्या दोन होड्यांच्या, मधून खाली बघत होता. प्रत्येक मोठ्या लाटेला डेकच्या पोटावर धाडकन आवाज व्हायचा. मामा म्हणाला, "अरे, ह्यो डेक खाली हा. लाट खालसून थापटा मारता. आपलो वीतभर वर घेवक व्हयो." आमच्या सगळ्या धंद्याचा पाया या एका वाक्यावर आहे.

परत येऊन गोव्यातल्या एका यार्डात ऑर्डर दिली. लांबी ३६ फूट, रुंदी १४ फूट, ४० एचपीची दोन मशीन. यार्डवाला म्हणाला, डेक वर घेतला तर जोडबीमवर, म्हणजे दोन हल जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, ताण येईल, खर्च वाढेल, आणि खाडीतल्या होडीला एवढं कशाला. मामा रोज जाऊन साच्याजवळ बसला. काचतंतूची मॅट किती थर, रोव्हिंगचं कापड किती, बीम हलमध्ये शिरतो तिथे कोपरा गोल आहे की काटकोनात, सगळं बोट लावून बघायचा. शेवटी त्यांनी वीतभर वर घेतला. कर्ली नदीच्या मुखावर ओहोटीला वाळूच्या बारवर लाटा फुटतात, तिथून आमची होडी बाहेर पडताना एकदा बसून बघा. चहाचा कप खाली ठेवता येतो.

दोन मशीन का, हेही लोक विचारतात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं हे झालंच, पण खरं कारण डॉल्फिन आहे. मामा गाद्यांचा थवा लांबून दिसला की एक मशीन बंद करतो, दुसरं अगदी मंद ठेवतो, आणि त्यांच्या तोंडावर न जाता बाजूने, ते ज्या दिशेने चाललेत त्याच दिशेने होडी लावतो. मग न्यूट्रल. गिअर वर-खाली करत राहिलात की संपलं. "गादो आपल्याकडे येवक व्हयो. आपण त्येच्यावर जावक नये," हे मामाचं म्हणणं नवीन पोरांना पाठ करून घेतो. आपल्या किनाऱ्याचे हे कुबडवाले डॉल्फिन उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी बोय आणि तारली माशांच्या मागे फिरतात. टीव्हीवरच्यासारखे रिंगणातून उड्या मारत नाहीत. पाठीवरचा उंचवटा, त्यावर छोटा पंख, 'फुस्स' असा श्वास, आणि परत खाली. भुलगा, म्हणजे डॉल्फिनचाच छोटा भाऊबंद, तर त्याहून लाजरा, त्याला पाठीवर पंखच नसतो. पाणी तेलासारखं असेल तरच तो दिसतो. ज्यांना उड्या पाहिजेत त्यांनी पैसे वाचवावेत.

आता शेजाऱ्याबद्दल. नाव घेत नाही, गाव लहान आहे. आमची जोडहोडी पाण्यात उतरली त्या दिवशी त्याने जेट्टीवर चार माणसांत 'बैलगाडी' हे नाव पाडलं. पंधरवड्यात फलक लावला : डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत. गॅरंटी! समुद्रातला प्राणी काय ह्याच्या दावणीला बांधलेला होता? पण पुण्या-मुंबईचा माणूस 'गॅरंटी' शब्द वाचला की आधी पाकीट काढतो. मग ह्याच्या स्पीडबोटी थवा दिसला की सरळ मधून घुसवायच्या, आई एका बाजूला, पिल्लू दुसऱ्या बाजूला. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, हे मी त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "वाघ तिकीट देत नाय." लॉजवाल्यांना माणशी कमिशन बांधून दिलं. जी लॉज आमच्या बाबांनी पहिली गिऱ्हाइकं आणून उभी केली, त्यांनीच आमचं कार्ड काउंटरवरून काढून टाकलं. मी हे विसरलेलो नाही. त्यांनीही विसरू नये म्हणून लिहून ठेवतोय.

त्या दिवसांत आम्हाला धरून ठेवलं ते सांगलीच्या बाईंनी. शाळेत विज्ञान शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर दर जानेवारीत नातवंडांना घेऊन येतात. त्यांच्या पिशवीत एक जाड पुठ्ठ्याची वही असते. दिसलेल्या प्रत्येक डॉल्फिनच्या पंखाचं पेन्सिलीने चित्र काढतात, कुठे खाच आहे, कुठे टोक तुटलंय, कुठे पांढरा डाग. संशोधकसुद्धा फोटोवरून असेच ओळखतात म्हणे, पण बाई तेव्हापासून करतात जेव्हा आम्हाला हे माहीतही नव्हतं. मागच्या कडेला करवतीसारख्या खाचा असलेला एक गादा आहे, त्याला त्यांनी 'कातऱ्या' नाव दिलंय. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात अभ्यासकांना पिल्लासह निळा देवमासा दिसला, ती पेपरातली बातमी कापून बाईंनीच आम्हाला पोस्टाने पाठवली. तेव्हापासून लोक विचारतात, देवमासा दाखवाल का? नाही दाखवणार. आपल्याकडचा उथळ पट्टा रुंद आहे, खोल पाणी फार लांब, तिथे पर्यटकाला नेणं हा मूर्खपणा आहे. नशिबात असला तर दिसेल, तिकिटावर छापणार नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये, हंगामाच्या ऐन तोंडावर, सगळं बंद. बँकेचे हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. पुढच्या वर्षी जरा जम बसतोय म्हणेपर्यंत एप्रिलमध्ये पुन्हा टाळं, आणि १६ मे २०२१ ला तौक्ते.

वादळाचा इशारा आल्यावर आम्ही होडी खाडीत आत, कांदळवनाच्या आडोशाला नेली. दोन्ही बाजूंना नांगर, शिवाय माडांना चार दोर, दोरांना कापड गुंडाळलेलं, घासून तुटू नयेत म्हणून. मशीन काढून घरात, पलंगाखाली. रात्रभर वारा असा की बाहेर माड पडत होते ते ऐकू येत नव्हतं, फक्त जमीन हादरायची. सकाळी बघतो तर आमचे सगळे दोर जागेवर, आणि डाव्या हलच्या कुशीत एक स्पीडबोट नाळेने, म्हणजे पुढच्या टोकाने, घुसलेली. कोणाची, हे सांगायला नको. एकाच नायलॉनच्या दोरावर, एकाच नांगरावर सोडून दिली होती. जोडबीमच्या मुळाशी कोपरभर तडा.

तो आला, बघितलं, आणि म्हणाला, "वादळाक कोण काय करतलो?" विम्याचा सर्व्हेअर रस्ते मोकळे झाल्यावर आला. पाच मिनिटं बघितलं आणि तडा जुना आहे असं लिहून गेला. ज्या बीमच्या कोपऱ्यासाठी मामा यार्डात महिनोन्महिने बसला, तो म्हणे आधीपासून खराब! अर्ज केले, फोटो दिले, शेजारच्या दोघांचे जबाब दिले. आजपर्यंत रुपया नाही. आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याने माणूस पाठवला : दोन मशीनचे पैसे देतो, होडी भंगारात जाऊ दे.

मी विकायला तयार होतो, असं घरचे सांगतात. तसं काही नव्हतं, मी आकडा विचारला होता, एवढंच. मामाने त्या माणसाला चहा दिला आणि म्हणाला, "होडी इकूची नाय. तुझ्या मालकाक सांग, दोर जाडो घेवक."

पावसाळ्यात फायबर दुरुस्त करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. रेझिनला दमटपणा चालत नाही, आणि जूनमधलं देवबाग म्हणजे खाली खाडी, मागे समुद्र, वर पाऊस. गावात बरेच दिवस वीज नव्हती. ताडपत्रीचा मांडव घातला, भाड्याचा जनरेटर आणला, आत हॅलोजन लावले. मामाने ग्राइंडरने तडा पूर्ण उघडला आणि कडा लांब उतरत्या केल्या, इंचाला बारा इंच. घाईत नुसता वरून पट्टा मारणारे खूप आहेत, तो पट्टा दुसऱ्या हंगामात सुटतो. मग एक थर मॅट, एक थर रोव्हिंग, प्रत्येक थर रोलरने दाबून हवा काढलेली. हार्डनरचं माप तो औषधाच्या सिरिंजने घ्यायचा. दिवसात एखाद-दुसरा थर, पाऊस कसा आहे त्यावर. मी दिवा धरून उभा.

सामानाचे पैसे कुठून आले? सांगलीहून. बाईंना कोणी कळवलं माहीत नाही. पुढच्या तीन जानेवारींचं, सगळ्या कुटुंबाचं भाडं एकदम खात्यावर आलं. मी फोन करून म्हटलं, बाई, हे परत कसे करू? म्हणाल्या, "परत कसले करता? तिकीट आहे ते. होडी तयार ठेवा."

ठेवली. त्या हिवाळ्यात होडी पाण्यात गेली. त्यानंतर मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची होडी उलटून दोन पर्यटक गेले. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. सगळ्यांकडे एकाच नजरेने बघितलं गेलं, आणि ते चुकीचं नव्हतं. मात्र तपासणीला आलेल्यांनी आमच्याकडे जॅकेटं, बोया, अग्निशामक मोजले आणि पुढच्या होडीकडे गेले.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पोरांना दोन गोष्टी. मशीन चालू केलं की आधी मागची पाण्याची पिचकारी बघा. ती बारीक झाली, की खाडीच्या वाळूने इम्पेलर, म्हणजे मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारा पंखा, खाल्ला म्हणून समजा, आणि समुद्रात जाऊ नका. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यावर मशीन चालवून धुवा, कितीही दमलात तरी. तिसरी पण सांगतो : सोन्यावर कर्ज काढून स्पीडबोट घेऊ नका. आणि पर्यटकांनो, मळमळीची गोळी होडीत बसल्यावर नाही, अर्धा तास आधी. सकाळी मतलई वाऱ्यात या, दुपारी खारा वारा सुटला की पाणी चोपडं राहत नाही. मिसळ परतल्यावर खा.

शेजाऱ्याने मागच्या वर्षी स्वतः जोडहोडी बांधली. फलकावर 'लक्झरी कॅटामरान' लिहिलंय. मामा जेट्टीवरून बघून आला. डेक खाली आहे, एवढंच म्हणाला.

२६ मे ते ३१ ऑगस्ट आम्ही बंद असतो. सप्टेंबरात सर्व्हे झाला की पुन्हा सुरू. पहिली फेरी सकाळी ७ ची. पावणेसातला जेट्टीवर या, दोर सातला सुटतो, कोणाच्याही ओळखीने थांबत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा दरवर्षी सांगलीला राखलेला असतो, तेव्हा त्या दिवसांसाठी फोन करू नये. आणि गॅरंटी मागणाऱ्यांनी चार पावलं पुढे जावं, फलक तिथेच आहे.