सहा आठवड्यांत जमवलेली वेल्श शिदोरी

माझा भाचा बँगोरच्या विद्यापीठात शिकतो, आणि त्याच्याकडे दहा दिवस जायचे ठरले तेव्हा मी सहा आठवडे आधीपासून वेल्श भाषेची थोडी तयारी सुरू केली. "मावशी, इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, तू उगाच कशाला डोकं शिणवतेस?" असे त्याने फोनवर विचारले, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते, ज्याला वेल्श येते पण इंग्रजी अजिबात येत नाही असा प्रौढ माणूस वेल्समध्ये आज भेटणे कठीणच. पण २०२१ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये तीन वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले, तर बँगोर ज्या ग्विनेद परगण्यात आहे तिथे हेच प्रमाण ६४.४ टक्के होते. म्हणजे मी ज्या परगण्यात पाव घेणार आणि बसमध्ये बसणार, तिथल्या दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोघांना वेल्श येते, आणि माझ्यासारखी परकी बाई समोर उभी राहिली की केवळ तिच्या सोयीसाठी ते इंग्रजीकडे वळतात. हे वळणे निदान एखाद्या वाक्यापुरते लांबावे, एवढीच माझी इच्छा होती.

पहिले दोन आठवडे मी प्रवाशांसाठी केलेल्या याद्या पाठ केल्या आणि तिथेच माझे चुकले. स्थानक कुठे आहे, जेवण छान होते, माझी पिशवी हरवली आहे, अशी चाळीसेक वाक्ये मला घडाघडा म्हणता येऊ लागली; पण एके रात्री मनातल्या मनात मी स्थानकाचा रस्ता विचारला आणि लक्षात आले की समोरच्याने खरोखरच वेल्शमधून रस्ता सांगितला तर मला त्यातले एक अक्षरही कळणार नाही. दुसऱ्या दिवशी मी नवी वही केली. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला समजणार नाही तो प्रश्न वहीत लिहायचाच नाही, आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याला येऊ शकणारी दोन-तीन उत्तरे लिहायची, असा नियम केला. चाळीसाची दहा वाक्ये झाली, पण ती दहा वाक्ये म्हणजे दहा लहानसे संवाद होते.

त्याआधी उच्चारांचे सांगायला हवे, कारण वेल्श स्पेलिंग पाहून माणूस विनाकारण धास्तावतो. या भाषेची वर्णमाला २९ अक्षरांची आहे आणि तिचे नियम इंग्रजीपेक्षा पुष्कळच सरळ आहेत. डब्ल्यू हा बहुतेक ठिकाणी स्वर असून त्याचा उच्चार 'उ' होतो, वायचा उच्चार 'अ' किंवा 'इ' होतो, एकेरी एफ म्हणजे 'व' आणि दुहेरी एफ म्हणजे 'फ'. आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, येतो. एवढे नियम कळले की व्यंजनांची रांग वाटणारे शब्दसुद्धा वाचता येतात, आणि देशाचे नाव 'कम्री' व भाषेचे नाव 'कम्राइग' हे तोंडात बसते.

अवघड म्हणून प्रसिद्ध असलेला उच्चार दुहेरी एलचा. 'ल' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती टेकवून ठेवायची, कंठातून आवाज काढायचा नाही आणि जिभेच्या कडांवरून हवा सोडायची. मराठी माणसाने 'कोल्हा'मधला 'ल्ह' आठवावा आणि मग त्यातला घोष, म्हणजे कंठातला आवाज, काढून टाकावा. अगदी नेमके नाही, पण सुरुवात म्हणून हे पुरे. मी या लेखात तो उच्चार 'ल्ह' असाच लिहीत आहे. त्याचप्रमाणे चेस्टरहून बँगोरकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या ऱ्हिल या गावाच्या नावातला पहिला वर्ण आपल्या 'ऱ्हास'मधल्या 'ऱ्ह'चा सख्खा शेजारी आहे. दुहेरी डी मात्र आपल्याकडे नाही. जीभ दातांच्या मध्ये हलकी ठेवून घोषासह हवा सोडावी लागते, आणि देवनागरीत मी नाइलाजाने तो 'द' असा लिहिते.

आता संवादांकडे येते. सकाळी 'बोरे दा', रात्री निरोप घेताना 'नोस दा', आणि आभारासाठी 'दीओल्ख' किंवा 'दीओल्ख अन वाउर', म्हणजे फार आभार. त्यावर समोरून 'क्रोइसो' येते. तो शब्द स्वागतासाठीही वापरतात आणि आभारांचे उत्तर म्हणूनही. 'सित दाख खी?' म्हणजे कसे आहात, त्यावर 'याउन, दीओल्ख. आ खी?' म्हणजे बरी आहे, आभार, आणि तुम्ही? यातला 'खी' म्हणजे आपला 'तुम्ही', आणि 'ती' म्हणजे आपला 'तू'. जिथे इंग्रजीत एकाच शब्दावर भागते तिथे मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावाच लागत नाही. बसथांब्यावर एक आजीबाई माझ्याशी 'खी' म्हणून बोलल्या आणि लगेच मान वळवून नातीला 'ती' म्हणाल्या, तेव्हा मला अगदी घरच्यासारखे वाटले.

होकार-नकाराची गोष्ट तर मला फारच आवडली. सगळीकडे चालेल असा 'हो'साठी एकच शब्द वेल्शमध्ये नाही. प्रश्नातल्या क्रियापदाप्रमाणे उत्तर बदलते. तुम्ही वेल्श बोलता का, याला 'अदू', आणि नकार असेल तर 'नाग अदू'. इथे स्वच्छतागृह आहे का, याला 'ओइस' किंवा 'नाग ओइस'. घडून गेलेल्या गोष्टीविषयीच्या प्रश्नाला होकार द्यायचा तर नुसते 'दो'. इंग्रजीतून वेल्श शिकणारे इथे अडखळतात असे वाचले होते, पण आपण तरी काय करतो? 'येतेस का?' याला 'येते' आणि 'दूध आहे का?' याला 'आहे' असे उत्तर आपण दिवसभर देत असतो. मला फक्त मराठीची सवय इंग्रजीच्या आडून बाहेर काढायची होती. 'अदू, तिपिन बाख', म्हणजे 'हो, थोडेसे', हे माझे सर्वांत जास्त वापरले गेलेले वाक्य ठरले.

खरी अडचण शब्दाच्या पहिल्या अक्षराची आहे. आपण विभक्ती लावताना शब्दाचे शेवट बदलतो, पाणी पाण्यात होते आणि घोडा घोड्यावर येतो. वेल्शमध्ये शब्दाचे तोंड बदलते. बँगोरला जायचे तर 'ई वँगोर' आणि बँगोरमध्ये असायचे तर 'अम मँगोर'. त्यामुळे ऐकलेला शब्द शब्दकोशात शोधताना तो भलत्याच अक्षराखाली शोधला जातो, आणि सापडला नाही की नवशिक्याला वाटते की आपण चुकीचे ऐकले. पोर्थमादोग गावात असणे म्हणजे 'अम म्होर्थमादोग'. हे मी पहिल्यांदा मोठ्याने वाचले आणि थांबले, कारण तो 'म्ह' आपल्या म्हशीतला होता. (वेल्शमध्ये तो अघोष असतो, पण कानाला ओळखीचा वाटतो.) 'माझे वडील' यासाठीच्या शब्दांत 'न्ह'ही येतो. प्रवाशाने हे सगळे बदल पाठ करायची काहीच गरज नाही. चुकीच्या अक्षराने बोललेले वाक्य कळते. बदल होतात एवढे ठाऊक असले की ऐकताना गोंधळ कमी होतो.

वेल्श ही आपल्या भाषेची फार दूरची नातलग आहे आणि ते नाते आकड्यांत उघडे पडते. तीनला 'त्री', पाचाला 'पिम्प', साताला 'साइथ' आणि नवाला 'नाउ', जो आपल्या 'नऊ'च्या दारातच उभा आहे. नावाला 'एनु' म्हणतात आणि तोही त्याच कुळातला. दोन, तीन आणि चार यांना पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूपे आहेत, जशी आपल्याकडे माणसांपुरती दोघे आणि दोघी, तिघे आणि तिघी अशी आहेत. पौंड हा शब्द तिथे स्त्रीलिंगी असल्याने दोन पौंड म्हणजे 'दुइ बिन्त' आणि तीन पौंड म्हणजे 'ताइर पिन्त'. किंमत विचारायला उत्तर वेल्समध्ये 'वाइन्त अदी ओ?' म्हणतात, पण उत्तर पुष्कळदा इंग्रजी आकड्यांत मिळते, म्हणून यासाठी फार मेहनत घेऊ नये.

तिथे पोहोचल्यावर पहिला धडा मला रस्त्याने दिला. वळणाआधी डांबरावर पांढऱ्या रंगात दोन शब्द लिहिलेले असतात, एक वेल्श आणि एक इंग्रजी, आणि दोन्हींचा अर्थ सावकाश. वेल्श शब्द 'आराव'. दिवसभरात तो इतक्या वेळा चाकांखालून गेला की पाठ करावाच लागला नाही. मग वहीतले एक वाक्य मला वेगळ्याच प्रकाशात दिसले: 'शरादुख अन आराव, ओस ग्वेलुख अन दा', म्हणजे कृपया सावकाश बोला. शेवटच्या चार शब्दांचा शब्दशः अर्थ 'तुम्हाला चांगले दिसत असेल तर' असा आहे, आणि विनंती करण्याची ही रीत मला फार शालीन वाटते.

तिसऱ्या दिवशी काइर्नार्वोनमधल्या एका लहान उपाहारगृहात मी हिंमत केली. "गा ई बानेद ओ दे, ओस ग्वेलुख अन दा?" असे म्हणून मी एक कप चहा मागितला. काउंटरपलीकडच्या बाईंनी मान वर केली आणि झटकन विचारले, "एवो ल्हेव्रिथ?" मी गप्प. वहीत या प्रश्नाचे उत्तर होते, पण मी ज्या धड्यांवरून शिकले होते ते दक्षिणेकडच्या बोलीचे होते, आणि दक्षिणेत दुधाला 'ल्हाइथ' म्हणतात. मागे दोन माणसे रांगेत उभी होती. इंग्रजी शब्द ओठांवर आला होता तो मी गिळला आणि म्हटले, "दूइन दस्गी कम्राइग. शरादुख अन आराव?" म्हणजे मी वेल्श शिकते आहे, सावकाश बोलाल का? त्यांनी दुधाचा छोटा जग उचलून माझ्यासमोर धरला, "ल्हेव्रिथ," असे एकेक अवयव सोडवून म्हटले, मग जरा थांबून पुढे म्हणाल्या, "ल्हाइथ." मी 'ओस ग्वेलुख अन दा' म्हटले. त्यांनी दूध घातले, पैसे घेतले आणि पुढचे सगळे बोलणे, म्हणजे साखर, बसायची जागा आणि पावसाची चौकशी, वेल्शमध्येच केले. निम्मे मला हातवाऱ्यांवरून कळले. मागच्या रांगेतले गृहस्थ मी बाजूला होताना 'दा याउन' म्हणाले, म्हणजे छान.

'मी वेल्श शिकते आहे' हे वाक्य मी आता यादीत सर्वांत वर ठेवले आहे. ते ऐकले की समोरचा माणूस वेग कमी करतो आणि भाषा बदलत नाही. दुकानात किंवा कचेरीत कोणी नारिंगी रंगाचा, बोलण्याच्या फुग्यासारखा बिल्ला लावलेला दिसला तर तो वेल्श बोलतो असे खुशाल समजावे. तो बिल्ला त्यासाठीच असतो, आणि नवशिक्याने पहिला प्रयोग तिथेच करावा.

ॲबरिस्टविथच्या दक्षिणेला, ल्हानरस्तिद गावाजवळ मुख्य रस्त्याच्या कडेला एका पडक्या भिंतीवर लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले आहेत: 'कोव्यूख द्रवेरिन'. लिव्हरपूल शहराला पाणी मिळावे म्हणून त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात धरण बांधले गेले आणि १९६५ साली कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव, त्यातली शाळा आणि प्रार्थनामंदिर यांसह पाण्याखाली गेले. भाच्याने गाडी थांबवली तेव्हा मला ते शब्द आधाराशिवाय वाचता आले. 'कोव्यूख' म्हणजे आठवण ठेवा, आदरार्थी रूपात. आणि नदीच्या नावातला 'त' क्रियापदामागे आल्यामुळे 'द' झालेला. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, आणि दिवसाअखेरी ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा होई. त्या मुलांच्या पणतवंडांशी आपण चहाच्या दुधाविषयी बोलत होतो, हे मला त्या भिंतीसमोर उभी असताना जाणवले, आणि बराच वेळ मी भाच्याशी काहीच बोलले नाही.

परतीच्या गाडीत बसताना भाच्याने मला 'हुइल', म्हणजे अच्छा, म्हटले. त्याचे हे पहिले वेल्श अक्षर मी ऐकले. पुढच्या वर्षी आम्ही दोघे दक्षिणेला, कार्मार्थनच्या बाजूला जाणार आहोत, आणि त्यासाठी वही दुरुस्त करणे चालू आहे. 'ल्हेव्रिथ'समोर 'ल्हाइथ' आहेच. 'सित दाख खी'समोर 'शुत इख खी' लिहिले. 'आत्ता' या अर्थी उत्तरेत 'रुआन' म्हणतात आणि दक्षिणेत 'नाउर', आणि रोमन अक्षरांत लिहिले तर एक शब्द नेमका दुसऱ्याच्या उलट दिसतो. भाच्याने तो पेन्सिलीने स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आहे.