रंगवलेलं विमान पेन्सिलीने खराब का करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला सारखा येतो आणि दर वेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देऊन कंटाळा आलाय. प्रश्न असा की एवढं झकास, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारून) रंगवलेलं विमानाचं छोटं मॉडेल, कुठे एक डाग नाही, आणि मग त्याच्यावर पेन्सिल घेऊन ओरखडे कशाला काढत बसता? (आमच्या घरी पण हाच प्रश्न असतो, फक्त आवाजाची पट्टी वेगळी.)

उत्तर एका ओळीत: खरं विमान वापरून झिजतं, मॉडेलही तसंच वापरलेलं दिसावं म्हणून. या झीज दाखवण्यालाच वेदरिंग म्हणतात. आधी ती पेन्सिल काय असते ते सांगतो. वेदरिंग पेन्सिल म्हणजे मऊ शिशाची, पाण्यात विरघळणारी रंगपेन्सिल. स्पेनच्या एके इंटरॅक्टिव्हने खास मॉडेलवाल्यांसाठी काढलीय, त्यात गंजाचे, धुळीचे, चिखलाचे, तेलाच्या डागांचे असे शेड मिळतात. कोरडी वापरली तर बारीक चरा उमटतो, टोक ओलं करून वापरली की रंग गडद येतो, आणि कोरडी रेघ ओल्या ब्रशने ओढली की ओघळ तयार होतो. एवढंच तिचं काम.

मग वॉश (पातळ रंगाचा हात) किंवा स्पंजने टवके (रंग उडाल्याच्या खुणा) पाडण्यापेक्षा पेन्सिलच का? कारण वॉश आपल्या मर्जीने वाहतो, स्पंज कुठेही ठिपके पाडतो, आणि पेन्सिलीची प्रत्येक रेघ तुम्हाला स्वतः ठरवून मारावी लागते. इथे रंग का उडाला, कुणाचा बूट लागला, कोणतं झाकण रोज उघडतं, हे माहीत नसेल तर हात थांबतो, आणि थांबायलाच पाहिजे.

मिग-२१ हे लढाऊ विमान घ्या, आपल्याकडे ते नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्येच (एचएएल) बनायचं आणि हवाईदलातून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, त्यामुळे सध्या ज्याच्या-त्याच्या टेबलावर एक मिग आहे. बघायला गेलं तर पहिली चूक सगळ्यांची तीच, गंजाचा तपकिरी शेड. अहो, विमानाची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, तिला लोखंडासारखा तांबूस गंज येत नाही, रंग उडाला की खालून चांदी दिसते. म्हणजे तिथे चंदेरी पेन्सिल किंवा साधी ग्रॅफाइट, बास. दुसरी चूक नाकावर. पुढचा तो हिरवा कोन आहे ना, त्याच्या आत रडार असतं, रडारच्या लहरी धातूतून जात नाहीत म्हणून तो कोन धातूचा नसतोच. त्याच्यावर चंदेरी टवके काढले की जाणकार माणूस लांबूनच हसतो. शेपटीच्या उभ्या पंखाचं हिरवं टोक, तिथेही तेच.

चंदेरी मग कुठे? पंखांच्या पुढच्या कडा, कारण त्या वेगात धूळ आणि पाऊस तिथेच येऊन आपटतात. उघडझाप होणारे पॅनल, त्यांच्या स्क्रूभोवतीचा रंग. कॉकपिटच्या कडेला शिडी लागते ती बाजू. पंखाचं मूळ, जिथे ग्राउंड क्रू गुडघे टेकून काम करतो. बाकी पूर्ण पंख कोरा सोडला तरी चालतो, उलट सोडाच. १९७१ च्या युद्धातलं मिग करत असाल तर थोडा हात सैल सोडा, कारण तेव्हा उघड्या धातूच्या चकचकीत विमानांवर घाईघाईने हिरवा रंग चढवला होता आणि असा रंग फॅक्टरीतल्या रंगासारखा टिकत नाही.

आता स्केलचं गणित, ते कुणी करत नाही आणि मॉडेल तिथेच फसतं. खऱ्या मिगचा पंखविस्तार ७.१५ मीटर, १/४८ स्केलमध्ये, म्हणजे ४८ पट लहान मॉडेलात, तो झाला साधारण १५ सेंटीमीटर. या स्केलवर अर्धा मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर २.४ सेंटीमीटर रुंद ओरखडा! १/७२ मध्ये तीच रेघ ३.६ सेंटीमीटर. एवढ्या रुंद जखमा घेऊन कोणतं विमान उडतं? म्हणून टोक सतत धारदार ठेवा, दोन-चार रेघा मारल्या की परत टोक काढा, पेन्सिल लवकर संपते पण इलाज नाही.

रणगाड्याचं सगळं वेगळं, तिथे पोलाद आहे, गंज हवाच. तिथे टवका दोन शेडमध्ये काढायचा: आधी मूळ रंगापेक्षा थोडा फिकट शेड, म्हणजे वरवरचं खरचटणं, आणि त्याच्या मधोमध बारीकसा गडद तपकिरी, म्हणजे रंग पार खालपर्यंत गेला. त्या तपकिरीतून खाली एक ओघळ, ओल्या ब्रशने वरून खाली, आडवा कधीच नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन फोटो काढतात लोक, जरूर जा, आकार आणि तपशील समजायला भारी जागा आहे, पण झीज तिथे शोधू नका, प्रदर्शनातल्या रणगाड्यांना वरचेवर नवीन रंग बसतो. झीज बघायची तर रस्त्याचं काम चालू असेल तिथल्या जेसीबीचं बकेट बघा, वाळूच्या ट्रकचा फाळका बघा, एसटीच्या दाराची पायरी बघा. पायरीच्या मधोमध धातू चकाकतो, कोपऱ्यात रंग शाबूत आणि वर धूळ साचलेली. हे सगळं फुकट आहे.

राहिली तयारी. ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत पृष्ठभागावर, पेन्सिल घसरते, आधी मॅट (चमक नसलेलं) वॉर्निश हवंच, त्याच्या खरखरीतपणाला शीस धरते. मॅटचा स्प्रे भर पावसाळ्यात मारू नका, हवेतला ओलावा बसून पांढरट ढग येतो. आणि रेघा पाण्यात विरघळणाऱ्या आहेत हे विसरू नका, मुंबईत मे महिन्यात बोटाच्या घामानेही पुसल्या जातात. वॉर्निशचा शेवटचा कोट ब्रशने लावला तर सगळं वाहून जाईल, एअरब्रशने हलके हलके थर द्या, मध्ये वाळू द्या. कोट बसल्यावर फिकट रेघा अजून फिकट होतात, तेव्हा तेवढा हिशोब धरून ठेवा.

आणि हो, महागडा सेट घ्यायलाच हवा का, हे पण लोक विचारतात. नाही. फेबर-कॅसलच्या वॉटरकलर पेन्सिली स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यातले दोन तपकिरी, एक करडा, एक मातकट आणि घरातली ६बी (मऊ, गडद शिसपेन्सिल), एवढ्यावर सुरुवात होते. फक्त साध्या शाळेच्या मेणट रंगपेन्सिली घेऊ नका, त्या ब्रशने पसरत नाहीत. आधी एखाद्या जुन्या किटच्या तुटक्या पंखावर मॅट मारून बघा, हात बसला की मग मिग उचला.